भोंगा, गोधडी आणि बेंजोची तालीम

डहाणू-तलासरीकडे लग्नसराई जवळ आली की बेंजो पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. रानशेतसारख्या गावातली अशी एक तालीम डोळ्यांपुढे आणू या. खोली दहा फूट बाय बारा फुटांची, भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. आत पाच जण बसलेले: एक बेंजोवर, एक कीबोर्डवर, एक ऑक्टापॅडवर आणि दोघे ढोल-ताशावर. वाजवताना प्रत्येकाला मुख्यतः स्वतःचेच वाद्य ऐकू येते. ठेका कोठे धावला, बेंजो कोठे घसरला, हे नंतर ऐकून कळावे म्हणून कोणी तरी मोबाईल फोन फळीवर ठेवून तालीम ध्वनिमुद्रित करतो. आणि ऐकू काय येते? नुसता खडखडाट. ढोलाची थाप पडली की बेंजो नाहीसा होतो, ताशा फाटलेल्या कागदासारखा वाजतो आणि सगळ्यावर एक घुमारा पसरलेला असतो. मग सर्वांचे एकमत होते की फोन हलका आहे, चांगले यंत्र घेतले पाहिजे.

आमचे म्हणणे असे आहे की यात दोष यंत्राचा थोडा आणि खोलीचा फार आहे. लहान खोलीत मोठा आवाज कसा टिपायचा हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना असून त्याची चांगली उत्तरे फार पूर्वीच सापडली आहेत. त्यांतली बरीचशी फुकट आहेत. ती कशी सापडली हे पाहता पाहता शाळेत शिकवला जाणारा ध्वनीचा जवळजवळ सगळा धडा आपल्यासमोरून जातो.

तारप्याचा भोंगा आणि मुद्रणाचा भोंगा

बेंजो या भागात नंतर आला. त्याआधीपासून येथे वारली लोकांचा तारपा आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत कंप पावणाऱ्या पातळ जिभा आणि शेवटी ताडाच्या पानांचा रुंद होत जाणारा भोंगा अशी त्याची रचना असते. भाताचे पीक तयार होण्याच्या सुमारास रात्री तारपा घुमू लागतो. वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळत राहते. डहाणू तालुक्यातीलच गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (1934–2018) यांच्या चित्रांतले हे तारप्याचे वळण आपण पुष्कळांनी पाहिले असेल.

त्या भोंग्याचे काम काय? अरुंद नळीतील हवेचे कंपन नळीच्या तोंडाशी आले की त्यातला बराच भाग बाहेर न पडता मागे परततो, कारण नळीतली चिमूटभर हवा बाहेरच्या अफाट हवेला एकदम हलवू शकत नाही. नळी हळूहळू रुंद होत गेली तर हे हस्तांतर टप्प्याटप्प्याने होते आणि पुष्कळ अधिक ऊर्जा बाहेर पडते. म्हणूनच एका माणसाच्या श्वासावर चालणारे वाद्य मोकळ्या मैदानात दूरवर ऐकू जाते.

आता हाच भोंगा उलटा धरा. रुंद तोंडातून आत शिरणारा आवाज अरुंद टोकाशी एकवटेल. त्या टोकाला एक पातळ पडदा लावा, पडद्याला सुई जोडा आणि सुईखाली फिरता मऊ पृष्ठभाग ठेवा. हे झाले ध्वनिमुद्रण यंत्र. एडिसनने 1877 मध्ये केलेल्या यंत्रात सुईखाली कथलाचा पत्रा होता, पुढे मेण आले. पण 1925 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतकभर, व्यावसायिक ध्वनिमुद्रण याच तत्त्वावर चालले. यात वीज कोठेही नाही. सुई कोरण्याची सगळी ताकद गाणाऱ्याच्या घशातून आणि वाजवणाऱ्याच्या हातांतून यायची.

याचा परिणाम मोठा गमतीदार होता. आज आपल्याला मोठा आवाज टिपणे अवघड वाटते. त्या काळी मोठा आवाजच तेवढा टिपता येई. लष्करी बँड झकास उमटत आणि व्हायोलिन ऐकूच येत नसे. म्हणून लंडनच्या स्ट्रो यांनी 1899 मध्ये व्हायोलिनलाच धातूचा भोंगा बसवून त्याचे पेटंट घेतले. मंद्र आवाजाच्या मोठ्या तंतुवाद्याऐवजी पितळी ट्यूबा वाजवण्याची पद्धत पडली. भोंग्याच्या यंत्रात साधारण 200 ते 2500 हर्ट्झ एवढाच पट्टा धड उतरत असे. त्या काळच्या तबकड्यांवर तबल्याचा बायाँ जवळजवळ ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच. वादकाला दोष देण्याचे कारण नाही.

भारतात ग्रामोफोन तबकड्यांचे मुद्रण 1902 च्या नोव्हेंबरात सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्याने गायिकांची मुद्रणे घेतली. त्यांत गौहरजान होती. भोंग्यात तोंड घालून गायचे, तान घेताना डोके मागे न्यायचे, तीन मिनिटांच्या आत चीज संपवायची, ही कसरत तिला आणि तिच्यानंतरच्या सर्वांना शिकावी लागली. वाद्यांचा तोल सांभाळायला यंत्रावर एकही खटका नव्हता. तोल सांभाळायचा तो माणसांना पुढे-मागे बसवून.

अंतर हाच खटका

या माणसे बसवण्याच्या कलेचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. इंडियाना राज्यात रिचमंड नावाचे गाव आहे. तेथील एका पियानो कारखान्याच्या आवारात जेनेट या कंपनीची ध्वनिमुद्रणाची खोली होती. खोलीत घुमारा होऊ नये म्हणून भिंतींवर जाड पडदे सोडलेले होते. शेजारून रेल्वेचे रूळ जात, आणि गाडी आली की काम थांबवावे लागे. (डहाणू रोड स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.) 1923 च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा जॅझ ताफा तेथे आला. ताफा दणदणीत होता. ऑलिव्हर स्वतः कॉर्नेट वाजवी, आणि त्याच्या जोडीला दुसरा कॉर्नेट होता बावीस वर्षांहून कमी वयाच्या लुई आर्मस्ट्राँगचा. दोघे शेजारी उभे राहिले तेव्हा मुद्रणात ऑलिव्हर ऐकूच येईना. शेवटी आर्मस्ट्राँगला बाकीच्यांपासून कित्येक फूट दूर नेऊन उभे केले, असे ताफ्यातली पियानोवादक लिल हार्डिन पुढे सांगत असे. ती नंतर आर्मस्ट्राँगची पत्नी झाली. तो कोपऱ्यात उभा राहून किती खिन्न दिसत होता, हेही तिच्या लक्षात राहिले होते. ढोलवाल्या बेबी डॉड्सचा मोठा ढोल तर बंदच करावा लागला, कारण त्याच्या थापेने मेणावरची सुई उडे. त्याने लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला.

हे सगळे ठरे कसे? आधी एक चाचणी मुद्रण करायचे, ते ऐकायचे, माणसे हलवायची आणि पुन्हा करायचे. मेणाची तबकडी वाजवून ऐकली की ती खराब होई, त्यामुळे प्रत्येक चाचणीला एक मेण वाया जाई. आज चाचणीला काहीच खर्च येत नाही. तरी ती कोणी करत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आपल्याकडेही असेच तोल साधले गेले. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट 1932 साली कोल्हापुरात तयार झाला. त्या वेळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. दुर्गाबाई खोटे यांनी आपली गाणी स्वतःच, अभिनय करता करता गायली. त्या काळच्या बोलपटांत गाणारा कॅमेऱ्यापुढे आणि साथीदार कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा आडोशाला, अशी मांडणी असे. आता मायक्रोफोन आलेला होता. पण तो आला म्हणून अंतराचा खटका सुटला नाही, उलट मायक्रोफोनने प्रश्न फिरवून ठेवला. सुईला ढकलण्याची ताकद आता विजेकडून मिळू लागली, त्यामुळे कुजबुजही टिपता येऊ लागली आणि दणदणाट मात्र जड जाऊ लागला. शिवाय भोंग्याला कधी ऐकू न येणारी एक गोष्ट मायक्रोफोनला स्पष्ट ऐकू येऊ लागली, ती म्हणजे खोली.

खोली मोजणारा माणूस

खोलीचा आवाज मोजण्याचे श्रेय वॉलेस सॅबाइन यांना जाते. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजेना, तेव्हा विद्यापीठाने या तरुण भौतिकीच्या अध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितले. त्यांच्याकडे साधने होती ती एक ऑर्गनची नळी (512 हर्ट्झची), एक घड्याळ आणि स्वतःचे कान. नळी वाजवून थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचे. रिकाम्या खोलीत हा वेळ साडेपाच सेकंदांहून अधिक निघाला. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन पडत होते. सॅबाइन मध्यरात्रीनंतर, रस्ते शांत झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, खोलीत मांडत, मोजत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवत. अशा अनेक रात्रींनंतर त्यांना नियम सापडला: निनादाचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि खोलीतील एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरमध्ये मोजले तर घनफळाला 0.161 ने गुणायचे आणि शोषणाने भागायचे.

शोषणाचे त्यांचे मूळ परिमाण फार सुंदर आहे. उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. बाकी सर्व पदार्थांची तुलना तिच्याशी करायची.

आता हे सूत्र आपल्या रानशेतच्या खोलीला लावू. लांबी 3.6 मीटर, रुंदी 3 मीटर, उंची 3 मीटर; घनफळ 32.4 घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून पृष्ठभाग 61.2 चौरस मीटर. गिलाव्याचा पृष्ठभाग आवाजाचा साधारण शेकडा 3 भाग शोषतो असे धरले, तर एकूण शोषण झाले 1.84 एकके आणि निनादाचा काळ आला 2.8 सेकंद. पाच माणसे आत आली, प्रत्येकाचे शोषण 0.4 धरले, की काळ 1.4 सेकंदांवर येतो. म्हणजे माणूस हाही एक शोषक पदार्थ आहे. भरलेल्या वर्गात बोलणे रिकाम्या वर्गापेक्षा सोपे का जाते याचे हे एक कारण. आता भिंतींवर चार जाड गोधड्या टांगू. प्रत्येकी 3 चौरस मीटरची, निम्मा आवाज शोषणारी. शोषणात 6 एककांची भर पडली आणि काळ उतरला 0.53 सेकंदावर. रिकाम्या खोलीच्या एक पंचमांशाहूनही कमी!

याच हिशेबातून आणखी एक आकडा निघतो, आणि आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. वाद्याजवळ फोन धरला तर त्याला वाद्याचा थेट आवाज अधिक पोहोचतो. लांब नेला तर भिंतींवरून फिरून आलेला आवाज अधिक पोहोचतो. कोठे तरी दोन्ही सारखे होतात. वरच्या रिकाम्या खोलीत ही सीमा वाद्यापासून सुमारे 19 सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम एका वितीवर येते. माणसे आणि गोधड्या आल्यावर ती सुमारे 45 सेंटिमीटरवर, म्हणजे एका हातावर जाते. विचार करा: फळीवर ठेवलेला फोन कोणत्याही वाद्यापासून विती-दोन वितींवर नसतो. त्याने टिपली ती खोली. त्याच्या जागी कितीही महाग मायक्रोफोन ठेवला असता तरी त्यानेही खोलीच टिपली असती, अधिक स्वच्छपणे, एवढेच.

हा आकडा ढोबळ आहे. खरे वाद्य एका बिंदूतून वाजत नाही आणि सर्व दिशांना सारखे वाजत नाही. गोधडीचीही मर्यादा आहे. ताशाचा कडकडाट ती गिळते, पण ढोलाचा घुमारा तिच्यातून आरपार जातो. 3.6 मीटर लांबीच्या खोलीत सुमारे 48 हर्ट्झचा तरंग अर्ध्या लांबीने बरोबर बसतो आणि 3 मीटर रुंदीत 57 हर्ट्झचा. त्या स्वरांना खोली स्वतः साथ देते. असे तरंग कोपऱ्यांत सर्वांत जोरकस असतात, म्हणून फोन कोपऱ्यात ठेवू नये. कोपरे गुंडाळलेल्या गाद्यांनी भरले तर थोडा फरक पडतो. गोधडी भिंतीला चिकटवण्याऐवजी वीतभर पुढे टांगली तरी पडतो, कारण भिंतीला अगदी लागून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, आणि जे हलत नाही त्याला कापड रोखणार काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, असे पुष्कळांना वाटते. घुमारा कमी करणे आणि आवाज बाहेर जाऊ न देणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्याला मऊ आणि सच्छिद्र पदार्थ लागतो, दुसऱ्याला जड भिंत आणि फटी नसणे लागते. ट्रे पहिले काम थोडेफार करतात, दुसरे मुळीच नाही. शेजाऱ्यांची तक्रार त्यांनी मिटणार नाही.

टाइपरायटरपासून बेंजोपर्यंत, टेपपासून फोनपर्यंत

ज्याला आपण बेंजो म्हणतो तो अमेरिकन बँजोहून अगदी वेगळा आहे. जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता याने 1912 मध्ये ताइशोगोतो नावाचे वाद्य बनवले. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेल्या, की कळ दाबली की स्वर बदलतो. ते भारतात आले, बुलबुलतरंग झाले, पुढे त्याला विजेचा पिकअप आणि ध्वनिवर्धक जोडला गेला आणि गणपतीच्या मिरवणुकांत व लग्नांत त्याचा बेंजो झाला. मूळ वाद्य घरात बसून वाजवायचे, नाजूक आवाजाचे. आता ते ढोल-ताशांवर मात करते. तेव्हा आपल्या तालमीच्या खोलीतला दणका हा मूळ वाद्याचा गुण नसून ध्वनिवर्धकाच्या खटक्याचा गुण आहे, आणि खटका उलटाही फिरतो.

तो उलटा फिरवला तर काय होते, हे 1967 च्या उन्हाळ्यात काही संगीतकारांनी दाखवून दिले. न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळ एका घराच्या तळघरात बॉब डिलन आणि पुढे ‘द बँड’ या नावाने प्रसिद्ध झालेला ताफा रोज जमत असे. सिमेंटच्या भिंती, मध्ये पाणी-घर तापवण्याची भट्टी, मोजके मायक्रोफोन, काही सामान उसने आणलेले आणि एक टेप रेकॉर्डर. तो ताफ्यातलाच गार्थ हडसन चालवी. याच मंडळींनी आदल्या वर्षी मोठ्या सभागृहांतून कानठळ्या बसवणारे संगीत वाजवले होते. तळघरात ते चालेना. कडक भिंतींनी आवाज असह्य होई. म्हणून ते गोल करून बसले आणि गाणाऱ्याचा आवाज सहज ऐकू येईल इतक्याच जोराने वाजवू लागले. ही तालमीची मुद्रणे होती, विकायची नव्हती. पण त्यांच्या नकला हातोहात पसरल्या आणि 1975 मध्ये त्यांतली निवडक मुद्रणे कंपनीने रीतसर प्रसिद्ध केली. गोल करून बसणे आणि गाणाऱ्यापेक्षा मोठे न वाजवणे, या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

टेप रेकॉर्डर सामान्य माणसाच्या हाती आला तो फिलिप्सच्या कॅसेटमुळे. कॅसेट 1963 मध्ये निघाली. आपल्याकडे तिचा खरा प्रसार 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. तबकडी काढायला कंपनी लागे. कॅसेट कोणीही भरू शकत होता, कोणीही तिची नक्कल करू शकत होता. कोळीगीते, लग्नगीते, भजने, भीमगीते असे जे जे तबकडीच्या बाजाराला परवडत नव्हते ते सगळे कॅसेटवर आले. पण स्वस्त टेपमध्ये एक आपोआप चालणारी सोय असे: आवाज वाढला की यंत्र आपली संवेदनक्षमता स्वतःच उतरवी आणि शांतता झाली की हळूहळू चढवी. भाषणासाठी हे उत्तम. ढोलासाठी मात्र घातक, कारण प्रत्येक थापेबरोबर बाकी सगळे बुडते आणि नंतर वर येते. फोनमध्येही हीच सोय दडलेली असते. आपल्या मुद्रणातला बेंजो नाहीसा होतो तो यामुळे. आवाजाची पातळी हाताने ठरवू देणारे ॲप फोनवर घेतले की हा रोग बरा होतो.

दुसरा रोग फाटण्याचा. टेपच्या चुंबकीय कणांची धाव संपत आली की आवाज हळूहळू दबतो, आणि तो दबलेला आवाज पुष्कळांना आवडतोही. अंकीय मुद्रणात तसे नाही. सोळा बिटांच्या पद्धतीत सर्वांत मोठा आकडा 32,767. त्यापुढे आकडाच नाही. तरंगाचा माथा तेथे सपाट कापला जातो. टेपवर नेहमी एक सूं-सूं असा आवाज असे आणि मुद्रण बारीक केले तर संगीत त्यात बुडे, म्हणून ‘काटा लाल रेषेला लागेपर्यंत आवाज भरा’ हा जुन्या लोकांचा नियम बरोबर होता. अंकीय यंत्राला ती सूं-सूं जवळजवळ नाही. म्हणून नियम उलटला: मोठ्यात मोठ्या थापेलाही मापक अर्ध्याच्या आसपास राहील इतके बारीक मुद्रण करा, आवाज नंतर वाढवता येतो. जुना नियम अजून सांगितला जातो, आणि निम्मी मुद्रणे त्याच्यापायी फाटतात.

मात्र फोनच्या मायक्रोफोनलाच सहन होईल अशी एक कमाल पातळी असते, साधारण 120 डेसिबलच्या आसपास. ताशाजवळ ती ओलांडली जाऊ शकते, आणि मग ॲपमध्ये काहीही करून उपयोग नाही. तेव्हा फोन दूरच न्यावा लागतो. पण दूर नेला की खोली येते. या पेचातून सुटण्याचा मार्ग सॅबाइनच्या उघड्या खिडकीत आहे. दार उघडे टाका आणि फोन दाराबाहेर दोन-तीन पावलांवर, अंगणात ठेवा. बाहेर त्याला घेरणाऱ्या भिंती नाहीत. आतला घुमारा दाराने बाहेर येईल हे खरे, पण दार स्वतःच दोन चौरस मीटरचे संपूर्ण शोषण आहे, आणि गोधड्या टांगलेल्या असतील तर येणारा घुमाराही आखूड असेल. ताशा दाराच्या रेषेतून बाजूला आणि बेंजो दारासमोर बसवला, की आर्मस्ट्राँगला कोपऱ्यात उभे करण्याचे काम झाले. अर्धा मिनिट मुद्रण करा, ऐका, माणसे हलवा, पुन्हा करा. चार-पाच फेऱ्यांत फरक कानाला कळतो.

गोधड्यांचा आणखी एक लाभ आहे, आणि आम्हाला तो मुद्रणाहून महत्त्वाचा वाटतो. वरच्या हिशेबात माणसे आणि गोधड्या मिळून खोलीतले शोषण 1.84 वरून 9.84 वर गेले. म्हणजे खोलीत साचणारी ध्वनिऊर्जा पाचपटीहून कमी झाली, सुमारे 7 डेसिबलनी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला 8 तास राहणे ही मर्यादा आहे आणि दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. 88 ला 4 तास, आणि 100 डेसिबलला केवळ 15 मिनिटे. बंद खोलीतील ढोल-ताशा 100 च्या पुढे सहज जातो. तालमीनंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही दमल्याची खूण नव्हे. अंतर्कर्णातील केसांसारख्या पेशी दुखावल्याची ती खूण आहे, आणि मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. या पार्ट्यांत वाजवणारी मुले पुष्कळदा आपल्याच नववी-दहावीच्या वर्गांतली असतात. फोमचे कर्णबोळे थोडक्या पैशांत मिळतात.

तारप्याला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. तो खोलीत आणून टिपण्यात अर्थ नाही. त्याचा भोंगा मोकळ्या हवेसाठी घडला आहे, आणि वाजवणारा फिरतो तसा भोंग्याचा रोखही फिरतो. एका जागी ठेवलेल्या फोनला आवाज जवळ येताना, दूर जाताना, पावलांच्या ठेक्यात मिसळताना ऐकू येतो. आमच्या मते हा दोष नसून तोच खरा तारपा आहे. नाचाच्या वर्तुळाबाहेर, कमरेच्या उंचीवर, वाऱ्याला आडोसा करून फोन ठेवावा आणि सबंध नाच संपेपर्यंत त्याला हात लावू नये. जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा 2022 सालासाठीचा पुरस्कार मिळाला, त्यामुळे या वाद्याकडे शहरांचे लक्ष गेले. पण गावोगावचे जे वादक कोठल्याही यादीत नाहीत, त्यांचे वाजवणे टिकले तर अशाच फुकट मुद्रणांत टिकेल.

त्यासाठी गौहरजानची एक सवय उचलण्यासारखी आहे. गाणे संपताच ती भोंग्यात आपले नाव इंग्रजीत उच्चारत असे. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जात आणि तेथल्या माणसांना कोणती तबकडी कोणाची हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पेट्यांत पडलेल्या जुन्या कॅसेटांवरचे कागद गळून गेले की आत कोण वाजवत आहे हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि फोनमधल्या फाइलीला तर आकड्यांखेरीज नावच नसते. म्हणून मुद्रण सुरू करताच वाद्य वाजण्याआधी एकाने मोठ्याने सांगावे: तारीख, गाव, पाडा, वाजवणाऱ्यांची नावे, कोण काय वाजवत आहे आणि फोन कोठे ठेवला आहे. पंधरा सेकंद पुरतात.